मुंबईहून बोलणाऱ्या वाहिनीत पुण्याच्या निवेदिकेने राहावे का?

पुण्यातील एका खासगी एफएम वाहिनीत अकरा वर्षे काम करणाऱ्या निवेदिकेचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा आशय येथे देतो. दुपारचा मराठी कार्यक्रम त्या स्वतः लिहितात, त्याची निर्मितीही पाहतात आणि तो सादरही करतात. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या केंद्रातून चौघांना कमी करण्यात आले. त्यात सकाळच्या कार्यक्रमाचा निवेदक, त्या कार्यक्रमाची प्रोड्यूसर, जिंगल आणि प्रोमो लिहिणारा सहकारी आणि रात्रीचा निवेदक होता. आता सकाळचा कार्यक्रम मुंबईहून येतो आणि रात्रभर संगणक गाणी लावतो. पत्रलेखिकेला राहण्यास सांगितले आहे, पण नव्या अटींवर. दुपारच्या कार्यक्रमाच्या लिंक, म्हणजे गाण्यांच्या मधले निवेदन, त्यांनी आदल्या संध्याकाळी ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, त्या पुणे, नाशिक आणि कोल्हापूर या तिन्ही शहरांत लागणार, नोकरीच्या जागी एक वर्षाचा रिटेनर, म्हणजे दरमहा ठरावीक मानधनाचा, करार होणार, आणि त्यांच्या आवाजाचे सर्व प्रकारचे हक्क, कृत्रिम बुद्धिमत्तेने तसाच आवाज तयार करण्याच्या हक्कासह, कंपनीकडे जाणार. सहीसाठी सात दिवस दिले आहेत. ‘राहिले तर श्रोत्यांची फसवणूक, गेले तर घराच्या हप्त्याचे काय, अशा कात्रीत सापडले आहे, आणि चौघे गेल्यावर आपण उरलो याची लाजही वाटते,’ असे त्या लिहितात. निघायचे ठरलेच, तर शेवटच्या दिवशी माईकवरून श्रोत्यांना सगळे सांगून टाकावे का, असेही त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

माझे मत आधीच सांगतो, कारण तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. हा करार आहे त्या स्वरूपात सही करू नका, आणि राजीनामाही देऊ नका. त्याऐवजी कंपनीला लेखी उत्तर द्या आणि त्यात तीन गोष्टी मागा : दररोज किमान एक तास पुण्यापुरते थेट प्रसारण, आवाजाच्या कलमात बदल, आणि नोकरी संपवून रिटेनर करायचे असेल तर आधीच्या अकरा वर्षांचा पूर्ण हिशेब. पहिल्या दोन मागण्यांपैकी एकही मान्य झाली नाही, तर निघावे. तिसरी मागणी ही मागणी नव्हेच, तो तुमचा हक्क आहे, आणि तुम्ही राहा अथवा जा, त्यावर पाणी सोडू नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की, ‘कदाचित आमचा कार्यक्रमच लोकांना नको झाला असेल.’ हे ओझे तुम्ही डोक्यावरून उतरवून ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण तुमच्या केंद्रात जे घडले त्याचा कार्यक्रमाच्या दर्जाशी फारच थोडा संबंध आहे. रेडिओ किती ऐकला जातो हे नियमितपणे मोजणारी ‘रॅम’ ही पद्धत २००७ मध्ये आपल्याकडे सुरू झाली ती मोजक्या महानगरांपुरती, आणि त्यांत पुणे नव्हते. म्हणजे तुमचा दुपारचा कार्यक्रम किती पुणेकर ऐकतात हे त्या मोजणीतून कधी कळलेच नाही, आणि जे मोजले गेले नाही त्याची किंमत हिशेबाच्या कागदावर शून्य धरली जाते. मोठ्या जाहिरातदाराला विकले जाते ते संपूर्ण नेटवर्क. पाच-दहा शहरांचे एकत्रित पॅकेज विकताना त्यातील एका शहराचा निवेदक कोण आहे, हे कोणी विचारत नाही.

खर्चाची बाजूही तुम्हाला ठाऊक असायला हवी, कारण वाटाघाटीत समोरचा माणूस तीच पुढे करील. खासगी एफएम परवान्यांच्या २००५ मधील दुसऱ्या टप्प्यापासून या वाहिन्या सरकारला उत्पन्नाचा हिस्सा देतात. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात वार्षिक शुल्क ठरले ते एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या लिलावातील प्रवेशशुल्काच्या २.५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते. याचा परिणाम असा की उत्पन्न आटले तरी शुल्काला तळ राहिला. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, रेडिओचे जाहिरात उत्पन्न आदल्या वर्षाच्या निम्म्याच्याही खाली गेले, आणि त्यानंतर बिल्डर, सराफ आणि शिकवणी वर्गांच्या जाहिरातींचा मोठा भाग मोबाइलकडे वळला. त्याच मोबाइलमध्ये एफएम रिसीव्हर एक तर बसवला जाईना किंवा बसवलेला बंद ठेवला जाई, इतके की एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारला उत्पादकांसाठी त्याबद्दल सूचनापत्र काढावे लागले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, सप्टेंबर २०२३ मध्ये शुल्काची ही प्रवेशशुल्काशी घातलेली सांगड तोडण्याची शिफारस केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी देताना मंत्रिमंडळाने निव्वळ ४ टक्क्यांचे शुल्क ठेवले. अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. परंतु अडचणीत सापडलेल्या कंपनीने नेमके काय कापावे हा निर्णय असतो, आणि जी एकच गोष्ट मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपजवळ नाही, तीच वाहिन्यांनी आधी कापली, हे मला अत्यंत चुकीचे वाटते.

ती गोष्ट म्हणजे शहरात हजर असलेला माणूस. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विसर्ग वाढवला की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि त्या दिवशी कोथरूडहून पेठांकडे निघालेल्या हजारो माणसांना अर्ध्या तासाच्या आत वेगळा रस्ता धरावा लागतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले तेव्हा लोकांना हवी असलेली माहिती अगदी साधी होती : विसर्ग आणखी वाढणार आहे का, कोणता रस्ता चालू आहे, मुलांच्या शाळेला सुट्टी आहे का, वीज किती वेळ नसेल. आदल्या संध्याकाळी ध्वनिमुद्रित केलेल्या लिंकमध्ये, निवेदिका कितीही अव्वल असली तरी, यातले एक अक्षर असू शकत नाही. ती लिंक त्या सकाळी ‘काय मस्त पाऊस पडतोय’ असे म्हणत असेल, आणि ऐकणाऱ्याच्या घरात गुडघाभर पाणी असेल.

हे संकटापुरतेच आहे असेही नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या दोन-तीन दिवसांत शहराची सगळी वाहतूक बदलते. गणेश विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते आणि मानाचे पाचही गणपती कुठवर पोहोचले हे घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही कळावेसे वाटते. दहावीचा निकाल, अकरावीचे प्रवेश, गुरुवारी कोणत्या भागात पाणी नाही, मेट्रोच्या कामासाठी कोणता चौक बंद आहे, हेच पुण्याच्या रोजच्या बोलण्याचे विषय आहेत. आता येथे कायद्याची एक गोष्ट लक्षात घ्या, कारण तुमच्या व्यवस्थापनापैकी कोणीतरी ‘आपल्याला बातम्यांची परवानगी नाही’ असे नक्की म्हणेल. खासगी वाहिन्यांना स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीची बातमीपत्रे, तीही बदल न करता, देता येतात, हे बरोबर आहे. ताशी दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात अशी ‘ट्राय’ची २०२३ ची शिफारस आहे. पण तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने वाहतूक, हवामान, स्थानिक खेळांचे समालोचन, सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा, निकाल, प्रवेश, रोजगाराच्या संधी, तसेच स्थानिक प्रशासनाने दिलेली वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्यविषयक सूचनांची माहिती यांना बातम्यांच्या बाहेर ठेवले आहे. म्हणजे वर जे जे लिहिले ते सर्व तुमच्या वाहिनीला आजही उघडपणे करता येते. कायद्याने दार उघडे ठेवले असताना ते आतून बंद केले गेले आहे.

हे आपल्याकडे आता घडत असले, तरी अन्यत्र याचा शेवट पाहून झाला आहे. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढली, आणि पुढच्या काही वर्षांत एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. एका शहरात बसलेला निवेदक दुसऱ्या दहा शहरांसाठी आवाज भरू लागला. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट या गावाजवळ रेल्वेचे डबे घसरून अमोनिया वायूचा ढग गावावर आला, तेव्हा तेथील सहा व्यावसायिक केंद्रे त्याच एका कंपनीकडे होती, आणि लोकांना घरातच थांबा हे सांगण्यासाठी पोलिसांना वेळेवर केंद्राशी संपर्क साधता आला नाही. एक माणूस मरण पावला, शेकडो लोकांना इजा झाली. केंद्रात माणूस हजर होता, आणीबाणीची यंत्रणाच नीट वापरली गेली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि तो वाद पुढे बराच काळ चालला. दोष कोणाचाही धरला, तरी हजारो लोकांच्या गावात त्या रात्री रेडिओ चालू होता आणि त्यातून कामाचे काही ऐकू येत नव्हते, एवढे उरतेच. ब्रिटनमध्येही २०१८ मध्ये स्थानिक कार्यक्रमांचे नियम सैल झाल्यावर २०१९ मध्ये एका समूहाने चाळीसहून अधिक स्थानिक सकाळचे कार्यक्रम बंद करून त्यांच्या जागी तीन राष्ट्रीय कार्यक्रम आणले.

आता तुमच्या पहिल्या मागणीकडे येऊ. एक तास थेट प्रसारण ही मागणी मी मुद्दाम लहान ठेवली आहे, कारण चार तास मागितले तर चर्चा पगाराच्या खर्चावर जाईल आणि तेथे तुम्ही हराल. दुपारी बारा ते एक, किंवा जमल्यास संध्याकाळी ऑफिसे सुटतानाचा सहा ते सात, असा एक तास फक्त पुण्याच्या ट्रान्समीटरवर, तुम्ही स्टुडिओत हजर, फोन लाइन चालू. उरलेले तास खुशाल ध्वनिमुद्रित करून तिन्ही शहरांना द्या. ही मागणी मांडताना भावनेची भाषा टाळा आणि दोन आधार घ्या. पहिला आधार धोरणाचा : नेटवर्कवरून कार्यक्रम देण्याची देशभर मुभा तिसऱ्या टप्प्यात मिळाली, पण त्याचबरोबर रोजच्या प्रसारणाचा किमान २० टक्के भाग त्या शहराच्या स्थानिक भाषेत आणि स्थानिक आशयाला चालना देणारा असावा, अशी अटही त्यात आहे. चोवीस तासांचे २० टक्के म्हणजे ४ तास ४८ मिनिटे. सकाळचा कार्यक्रम मुंबईचा, दुपारचा तीन शहरांचा आणि रात्री संगणकाचा असेल, तर पुण्याच्या वाट्याचे हे पावणेपाच तास कोठून भरले जात आहेत, हा प्रश्न तुम्ही अतिशय सौम्य शब्दांत विचारू शकता. मध्यरात्री मराठी गाणी लावून भाषेची अट कागदोपत्री पुरी करता येईल, पण स्थानिक आशयाचे काय, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल.

दुसरा आधार पैशाचा, आणि तो अधिक उपयोगी पडेल. पाच शहरांचे पॅकेज लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानाच्या मालकाला, बाणेरच्या एखाद्या रुग्णालयाला किंवा चिंचवडच्या शिकवणी वर्गाला नको असते. त्यांना पुणे आणि पिंपरी-चिंचवडच हवे असते, आणि आपल्या दुकानाचे नाव ओळखीच्या आवाजात, आजच्या दिवसाशी जोडून घेतले जावे असे वाटते. अकरा वर्षांत असे किती जाहिरातदार तुमच्या कार्यक्रमामुळे टिकले, हे तुमच्या सेल्सच्या सहकाऱ्यांना नेमके माहीत असते. त्यांच्याकडून केवळ तोंडी कौल घ्या, कंपनीचे आकडे कार्यालयाबाहेर नेऊ नका, आणि ‘या एका तासाची जाहिरात पुण्यातून स्वतंत्र विकता येईल’ असा प्रस्ताव द्या. सेल्सचा माणूस तुमच्या बाजूने बैठकीत बसला, तर तुमची मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

आवाजाचे कलम हा मला या करारातला सर्वांत धोकादायक भाग वाटतो, आणि तुम्ही पत्रात त्याबद्दल जेमतेम एक ओळ लिहिली आहे म्हणून मी त्यावर जास्त लिहितो. नोकरीत असताना तयार केलेल्या कार्यक्रमांचे हक्क सर्वसाधारणपणे मालकाकडे असतात, हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे, त्यामुळे जुने कार्यक्रम कंपनीचे आहेत याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र तुम्ही कधी न उच्चारलेली वाक्ये तुमच्या आवाजात तयार करण्याचा हक्क ही पूर्णपणे निराळी गोष्ट आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात, त्यांच्या परवानगीशिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांच्यासारखा आवाज तयार करण्यास अंतरिम मनाई केली. पण ते संरक्षण परवानगी न दिलेल्या माणसाचे होते. तुम्ही सही केलीत म्हणजे परवानगी दिलीत, आणि मग ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमांत’ अशा शब्दांनी बांधलेल्या परवानगीतून बाहेर पडणे फार कठीण होते. एक वर्षाचा मोबदला घेऊन तुम्ही आयुष्यभराची उपजीविका देऊन बसाल, आणि पुढच्या वर्षी करार वाढवला गेला नाही तरी दुपारी तुमचाच आवाज पुण्यात बोलत राहील. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पोलंडमधील क्राकूवच्या एका सार्वजनिक रेडिओ केंद्राने माणसे कमी करून कृत्रिम निवेदक बसवले होते. लोकांचा संताप इतका झाला की थोड्याच दिवसांत तो प्रयोग गुंडाळावा लागला.

म्हणून या कलमात असे बदल मागा की आवाजाचा वापर तुम्ही स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या मजकुरापुरताच राहील, आवाजाची कृत्रिम प्रतिकृती तयार करण्यासाठी किंवा कोणतीही संगणकीय प्रणाली शिकवण्यासाठी तो वापरला जाणार नाही, आणि करार संपल्यावर प्रोमो व जिंगल ठरावीक मुदतीत, समजा तीन महिन्यांत, थांबवले जातील. ‘हा आमचा सगळ्यांसाठीचा मसुदा आहे’ असे उत्तर येईल. सगळ्यांसाठीच्या मसुद्यातही एका माणसासाठी वेगळे परिशिष्ट जोडता येते. करार संपल्यावर वर्षभर दुसऱ्या वाहिनीत काम करायचे नाही असे कलमही त्यात असेल, तर घाबरून जाऊ नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी संपल्यानंतर उपजीविकेवर घातलेले असे बंधन सर्वसाधारणपणे टिकत नाही. तरीही ते काढून टाकायला सांगा, कारण न टिकणाऱ्या कलमाचा उपयोग लोकांना धाक दाखवण्यासाठी होतो.

रिटेनर होणे म्हणजे काय, हेही आकड्यांत पाहा. आज तुमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि तितकीच भर कंपनी घालते. उद्या तो थांबेल, दर महिन्याच्या बिलातून १० टक्के कर आधीच कापला जाईल, आणि रजा, वैद्यकीय विमा यांची हमी राहणार नाही. त्यामुळे आकडा आजच्या पगाराइतकाच ठेवला असेल, तर प्रत्यक्षात ती पगारकपात आहे, आणि तुम्ही किमान गमावलेल्या लाभांएवढी वाढ मागितली पाहिजे. त्याआधी नोकरी कागदावर रीतसर संपली पाहिजे. सलग पाच वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे तुम्हाला ग्रॅच्युइटी मिळते. शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे, हा तिचा सर्वपरिचित हिशेब आहे. अकरा वर्षांची ही रक्कम काही महिन्यांच्या घरहप्त्यांइतकी तरी होईल. शिल्लक रजेचे पैसे, अनुभवपत्र आणि सेवामुक्तीचे पत्र याच वेळी घ्या. ‘स्वेच्छेने राजीनामा’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवा, कारण तुम्हाला काढले की तुम्ही गेलात यावर पुढचे बरेच हक्क अवलंबून असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कपात झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मिळण्याची तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आहे, आणि अंतिम हिशेब कामाच्या दोन दिवसांत द्यावा असे वेतन संहिता सांगते. निवेदक ‘कामगार’ ठरतो का, हे त्याच्या प्रत्यक्ष कामावरून ठरते, म्हणून हा प्रश्न एखाद्या कामगार वकिलाला किंवा पुण्यातील कामगार आयुक्त कार्यालयात विचारावा.

हीच माहिती तुमच्या चार सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवा. त्यांना काढल्याची लाज तुम्ही बाळगण्याचे काही कारण नाही, कारण तो निर्णय तुमचा नव्हता आणि तुम्ही निघून गेल्याने त्यांची जागा परत येणार नव्हती. पण लाजेमुळे तुम्ही त्यांना फोन करणे टाळले आहे असे पत्रावरून दिसते, आणि ते मात्र बदला. काढलेल्या माणसाला सर्वांत जास्त झोंबते ते मागे राहिलेल्यांचे गप्प होणे. त्यांच्या कामाचे नमुने, म्हणजे त्यांनी लिहिलेले प्रोमो आणि सादर केलेल्या लिंक, त्यांना अर्जासोबत जोडता यावेत यासाठी कंपनीकडून रीतसर परवानगी मिळवून देणे तुम्हाला शक्य असेल, तर ते करा. जिंगल लिहिणाऱ्या सहकाऱ्याला तर नमुन्याशिवाय कोणी उभेही करणार नाही.

फसवणुकीबद्दलच्या तुमच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. ध्वनिमुद्रण म्हणजे खोटेपणा नव्हे. आकाशवाणीवरची श्रुतिका, मुलाखत, संगीतिका ही ध्वनिमुद्रितच असत आणि श्रोत्यांनी त्यांवर मनापासून प्रेम केले. खोटेपणा सुरू होतो तो आपण हजर असल्याचा आव आणताना. ‘आत्ता खिडकीतून बघतेय’, ‘तुमचे मेसेज येतायत बरं का’, ‘नमस्कार कोल्हापूर’, ‘नमस्कार नाशिक’ अशी वेगवेगळी वाक्ये एकाच संध्याकाळी एकाच खुर्चीत बसून भरायला सांगितली जातात, तेथे तुम्ही नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ध्वनिमुद्रित तासांत गाण्याविषयी, माणसांविषयी, खाण्याविषयी, भाषेविषयी बोला. वेळेशी आणि हवेशी बांधलेले शब्द टाळा. हे एकदा ठरवले की नाशिक आणि कोल्हापूरच्या श्रोत्यांशीही तुम्ही प्रामाणिक राहता, कारण त्यांचेही त्यांच्या शहरातले निवेदक गेले आहेत आणि त्यांना तुमच्याकडून खोटी जवळीक नको आहे.

शेवटच्या दिवशी माईकवरून सगळे सांगून टाकण्याचा विचार सोडून द्या. तो कराराचा भंग ठरून तुमची देणी अडकू शकतात, आणि ऐकणाऱ्याला चार मिनिटांच्या उद्वेगापलीकडे काही हाती लागत नाही. श्रोत्यांनी बोलायला हवे, हे मात्र मला पटते. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुणेकरांनी इतका आवाज उठवला की काही दिवसांतच त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या त्या केंद्राबद्दल लोकांना जो हक्क वाटतो, तो खासगी वाहिनीबद्दल वाटत नाही, आणि तेथे लोकप्रतिनिधीपेक्षा जाहिरातदाराचे ऐकले जाते. म्हणून खासगी वाहिनीच्या श्रोत्याने पत्र लिहायचे ते जाहिरात देणाऱ्या दुकानदाराला, की ‘तुमची जाहिरात आम्ही अमुक कार्यक्रमात ऐकत होतो, तो कार्यक्रम आता पुण्याचा राहिलेला नाही’. हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आपला सकाळचा निवेदक अचानक दिसेनासा झाल्याचे जाणवले आहे, त्यांनी हे जरूर करावे.

आणि कंपनीने नकार दिला तर? निघाल्यावर तुमच्यासमोर लगेच तेवढ्याच पगाराची जागा असेल असे मी म्हणणार नाही. आकाशवाणीत नैमित्तिक निवेदक होण्यासाठी आवाजाची चाचणी द्यावी लागते आणि महिन्याला मोजक्याच ड्यूट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही, पण सूर टिकतो. मराठी ऑडिओबुक आणि डबिंगचे काम पुण्यात मिळते, आणि त्यात लिहिता येणाऱ्या निवेदकाला अधिक भाव आहे. सामुदायिक रेडिओकडे मात्र तुम्ही गांभीर्याने पाहावे अशी माझी इच्छा आहे. विद्यापीठाची विद्यावाणी, बारामतीची वसुंधरा वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग अशी केंद्रे आपल्या आसपास आहेत. त्यांची पोहोच दहा-पंधरा किलोमीटरची असते आणि किमान निम्मा आशय स्थानिकच असावा लागतो. २०२४ मध्ये त्यांची जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर नेली गेल्यामुळे थोडेफार मानधन देण्याची त्यांची ताकद वाढू शकते. तुम्हाला कार्यक्रम लिहिता येतो, माणसे जोडता येतात आणि जाहिरातदारांशी बोलता येते. या तिन्ही गोष्टी एका माणसात असणे अशा केंद्रांना दुर्मीळ असते.

आता करायचे ते असे. उद्या मसुदा घेऊन वकिलाकडे जा आणि सोबत नेमणुकीचे पत्र, मागच्या तीन वर्षांच्या पगारपत्रिका आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक न्या. परवा सेल्सच्या त्या सहकाऱ्याशी बोला. चौथ्या दिवशी कंपनीला ईमेलने लेखी उत्तर पाठवा आणि मुदत पंधरा दिवसांनी वाढवून मागा. मुदत वाढवून न देता ‘सही करा नाहीतर जा’ असे उत्तर आले, तर तेही लेखीच मागा.